ईमॅक्समध्ये चित्रं, आवाजाचा आलेख आणि व्हिडिओ: मुलाखती उतरवून काढणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरचा एक गट ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाबद्दल किल्लारी-सास्तूर भागातल्या वयस्कर माणसांच्या मुलाखती मोबाइलवर चित्रित करतो आणि शब्दन्‌शब्द उतरवून काढतो. लिखाण ईमॅक्स या मजकूर-संपादकात होतं आणि व्हिडिओ दुसऱ्या खिडकीत चालतो. दर वाक्याला इकडून तिकडे जावं लागतं. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्यावर उबुंटू. व्हिडिओ, आवाजाचा आलेख आणि लहान चित्रं ईमॅक्सच्या आतच दिसावीत, अशी गटाची इच्छा आहे. बफरमध्ये (म्हणजे ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुरात) जेपीजी चित्रं भराभर बदलून पाहिली तर पाच-सहा सेकंदांत सगळं अडकतं. ते का, आणि करायचं कसं?

करता येतं. पण व्हिडिओची प्रत्येक चौकट (एकेक स्थिर चित्र) लिस्पमधून, म्हणजे ईमॅक्सच्या आतल्या भाषेतून, नेण्याचा रस्ता सोडून द्या. ईमॅक्सने मजकूर आणि वेळ सांभाळावी, चित्र उलगडण्याचं काम एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरने करावं आणि दोघांमध्ये एक सॉकेट (संदेशांची देवाणघेवाण करण्याचा मार्ग) असावा. आलेख आणि स्थिर चित्रं मात्र बिनधास्त बफरमध्ये आणा. त्या कामात ईमॅक्स २००१ च्या २१ व्या आवृत्तीपासून मुरलेला आहे. (फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. जिथे जोडरेघ दिसते तिथे मूळ नावातही ती आहे.)

आधी अडकण्याचं कारण पाहू, कारण ते कळलं की पुढचे निर्णय आपोआप सुटतात. ६४० बाय ३६० ची एक रंगीत चौकट उलगडली की ६,९१,२०० बाइट होते. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे १,७२,८०,००० बाइट. बाहेरच्या प्रोसेसकडून ईमॅक्स एका वेळी किती वाचतो ते रीड-प्रोसेस-आउटपुट-मॅक्स ठरवतं. जुन्या आवृत्त्यांत ते ४०९६ होतं, ३० व्या आवृत्तीपासून ६५,५३६ आहे. ४०९६ वर एका चौकटीला १६९ तुकडे लागतात, म्हणजे तुमचं फिल्टर फंक्शन (आलेला तुकडा हाताळणारं) सेकंदाला चार हजारांहून जास्त वेळा धावतं. ६५,५३६ केलं तरी चौकटीमागे ११ तुकडे राहतातच.

दुसरी अडचण कचरा गोळा करण्याची, म्हणजे वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याची. ते कधी करायचं हे ठरवणारा जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड मुळात ८,००,००० बाइट असतो. एक चौकट सात लाखांच्या घरात जाते, त्यामुळे दर एक-दोन चौकटींना ईमॅक्स काम थांबवून स्मृती साफ करायला बसतो. आकडा वाढवला तर थांबणं कमी वेळा होतं, पण जेव्हा होतं तेव्हा जास्त वेळ खातं. टायपिंग करताना मधेच अर्धा सेकंद अक्षर उमटत नाही, ते यामुळे.

तिसरी अडचण चित्रांच्या कॅशची (उलगडलेली चित्रं साठवून ठेवण्याच्या जागेची), आणि तुमच्या प्रयोगात बहुधा हीच नडली. ईमॅक्स चित्र ओळखतो ते त्याच्या वर्णनावरून. डेटा बदलला की वर्णन बदलतं आणि कॅशमध्ये नवी नोंद पडते. जुनी नोंद ठेवण्याची मुदत इमेज-कॅश-एव्हिक्शन-डिले प्रमाणे ३०० सेकंद असते. चित्रं फार झाली तर ईमॅक्स ही मुदत आपणहून कमी करतो खरी, पण सफाई प्रत्येक चौकटीला होत नाही. याच्या उलट गफलतही होते. एकाच नावाच्या फाइलवर नवं चित्र लिहिलं तर वर्णन तेच राहतं आणि पडद्यावर जुनंच चित्र दिसत राहतं. दोन्हीवर उपाय एकच: चित्र बदलताना जुन्या वर्णनावर इमेज-फ्लश चालवायचं.

सी भाषेत मॉड्यूल लिहून हे सुटेल, असं पुष्कळांना वाटतं. मॉड्यूलची सोय २०१६ च्या २५.१ मध्ये आली आणि ती चांगली आहे. पण मॉड्यूलच्या हाती फक्त लिस्पच्या किमती येतात, पडद्यावरच्या चित्राच्या स्मृतीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. शेवटी त्यालाही बाइटांची माळ बनवून त्याच चित्रमार्गाने जावं लागतं. खरंच ईमॅक्सच्या आत पिक्सेल रंगवायचे असतील तर त्याच्या मूळ चित्रविषयक सी फाइलमध्ये बदल करून ईमॅक्स स्वतः बांधावा लागेल. मुलाखती उतरवणाऱ्या गटाने त्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक नव्या आवृत्तीला तोच बदल पुन्हा बसवत राहाल आणि लिखाण बाजूला पडेल.

वेबकिट (वेब पानं दाखवणारं इंजिन) बसवणारा एक्सविजेट हा आणखी एक मार्ग. त्यात व्हिडिओचा टॅग असलेलं पान उघडतं. तो ईमॅक्स बांधतानाच चालू केलेला असावा लागतो, एच-२६४ साठी जीस्ट्रीमरचे प्लगइन लागतात, आणि नव्या वेबकिट आवृत्त्यांशी त्याचं जमत नाही. एखादी क्लिप पाहायला ठीक. दिवसभर मागे-पुढे करायचं असेल तर नको.

आता करायचं काय ते. पहिल्यांदा तुमच्या ईमॅक्समध्ये काय आहे ते पाहा. सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स या चलाची किंमत वाचा. त्यात हार्फबझ, कैरो आणि आरएसव्हीजी ही तीन नावं हवीत. हार्फबझ ईमॅक्स २७.१ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात ती त्याच्यामुळे. आरएसव्हीजीशिवाय एसव्हीजी चित्रं दिसणार नाहीत. आणि पीजीटीके हे नाव दिसलं तर सावध व्हा. ती वेलँडसाठीची बांधणी आहे. (वेलँड आणि एक्स-११ या लिनक्सवर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती.) वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमच्या खिडकीत दुसऱ्याची खिडकी बसवता येत नाही, म्हणून एमपीव्ही आत घेता येणार नाही. उबुंटूवर एक्स-११ ची जीटीके बांधणी घ्या. वेलँडच्या सत्रातही ती एक्सवेलँडवर (वेलँडमध्ये एक्स-११ चे प्रोग्रॅम चालवणारा थर) चालते आणि आपलं काम होतं. ईमॅक्स आणि एमपीव्ही दोन्ही एपीटीने बसवा. स्नॅप या दुसऱ्या पद्धतीने बसवलेल्या प्रोग्रॅमची तात्पुरती फाइलजागा वेगळी असते, त्यामुळे एकाने बनवलेला सॉकेट दुसऱ्याला दिसत नाही.

मूळ चित्रीकरणावर थेट काम करू नका. मोबाइल बहुतेक वेळा चौकटींचा वेग बदलत चित्रण करतो, त्यामुळे ‘१२०० वी चौकट’ म्हणजे नेमकी कुठली वेळ, हे सांगता येत नाही. सगळी गणितं सेकंदांत ठेवा. कामासाठी एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने हलकी प्रत काढा: उंची ५४०, रुंदी उणे दोन, वेग २५, लिबएक्स२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) २६, आवाज एएसी ९६ केबीपीएस. रुंदी उणे दोन लिहिली की ती प्रमाणात आणि सम आकड्यात निघते. विषम आकडा आला तर एनकोडर तिथेच थांबतो. सगळ्यांत महत्त्वाचा पर्याय जी, त्याला २५ द्या. त्याचा अर्थ दर सेकंदाला एक की-फ्रेम (आधीच्या चौकटींशिवाय उलगडता येणारी पूर्ण चौकट). हा पर्याय दिला नाही तर २५० चौकटींपर्यंत, म्हणजे १० सेकंदांपर्यंत की-फ्रेम येणार नाही. मग तीन सेकंद मागे जायला प्लेअरला शेकडो चौकटी उलगडत यावं लागतं आणि प्रत्येक वेळी क्षणभर गोठतं. मुलाखत उतरवताना तासात दोन-तीनशे वेळा मागे जावं लागतं, म्हणून यात कसर करू नका. फाइल थोडी मोठी होते, होऊ द्या.

एमपीव्ही ईमॅक्समधूनच मेक-प्रोसेसने सुरू करा. लागणारे पर्याय असे: आयडल होय, म्हणजे फाइल नसतानाही तो जागा राहतो. कीप-ओपन होय, म्हणजे व्हिडिओ संपला की बंद होत नाही. एचआर-सीक होय, म्हणजे सांगितलेल्या वेळेवर नेमका जातो. ओएससी नाही, म्हणजे चित्रावर बटणं येत नाहीत. इनपुट-व्हीओ-कीबोर्ड नाही, म्हणजे कळा तो खाणार नाही, ईमॅक्सकडेच जातील. जीपीयू-कॉन्टेक्स्टला एक्स११ईजीएल द्या. हे विसरलात तर वेलँड सत्रात तो आपली स्वतंत्र खिडकी उघडतो आणि ‘आत बसतच नाही’ म्हणून तुम्ही भलतीकडे चूक शोधत बसाल. इनपुट-आयपीसी-सर्व्हरला सॉकेटचा रस्ता द्या. शेवटी डब्ल्यूआयडीला खिडकीचा क्रमांक.

हा क्रमांक आणायचा चाइल्ड फ्रेममधून, म्हणजे ईमॅक्सच्या खिडकीच्या आत बसणाऱ्या लहान खिडकीतून. चाइल्ड फ्रेम २६.१ पासून आहेत. मेक-फ्रेमला पॅरेंट-फ्रेम, अनडेकोरेटेड, नो-अ‍ॅक्सेप्ट-फोकस आणि मिनीबफर नाही हे गुण द्या. रुंदी-उंची अक्षरांत देऊ नका, टेक्स्ट-पिक्सेल्स वापरून पिक्सेलमध्ये द्या. देवनागरी आणि रोमन फॉन्टची मापं वेगळी असल्यामुळे अक्षरांत दिलेला आकार फॉन्ट बदलला की बिघडतो. फ्रेम तयार झाली की तिचा आउटर-विंडो-आयडी वाचा. तो आकड्यांची माळ असतो, तसाच एमपीव्हीला द्या.

ही फ्रेम ठेवायची कुठे, याबद्दल माझं मत ठाम आहे: मजकुराच्या ओळींमध्ये नाही. ओळीबरोबर व्हिडिओ सरकवायचा तर प्रत्येक स्क्रोलला जागा मोजून फ्रेम हलवावी लागते आणि ती कायम एक पाऊल मागे राहते. त्यापेक्षा उजवीकडे एक साइड विंडो कायमची राखा आणि फ्रेम तिच्यावर बसवा. विंडो-साइज-चेंज-फंक्शन्समध्ये जागा पुन्हा मोजा. बफर दिसेनासं झालं की फ्रेम अदृश्य करा. एवढं पुरतं.

सॉकेटचं काम सोपं आहे, पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. एमपीव्ही सुरू होताच सॉकेट तयार नसतो. दर ०.१ सेकंदाने, वीस वेळांपर्यंत, जोडून पाहा. जोडणी मेक-नेटवर्क-प्रोसेसने, फॅमिली लोकल आणि कोडिंग यूटीएफ-८. कोडिंग चुकलं तर ‘सास्तूर_आजी_२’ अशा मराठी नावाची फाइल उघडत नाही. दुसरं, प्रत्येक संदेश जेसन स्वरूपात आणि एका ओळीत असतो, आणि ओळीच्या शेवटी नवी ओळ हवीच. ती नसेल तर एमपीव्ही वाट पाहत बसतो, चूकही सांगत नाही. तिसरं, फिल्टरला येणारा तुकडा म्हणजे एक संदेश, असं धरू नका. कधी अर्धा येतो, कधी तीन एकदम येतात. आलेलं साठवत जा आणि नव्या ओळीपर्यंतचाच भाग वाचा.

वेळ कळण्यासाठी टाइम-पॉस या गुणावर ऑब्झर्व्ह_प्रॉपर्टी लावा (या नावात जोडरेघ नाही, अंडरस्कोर आहे). मग एमपीव्ही चौकटीगणिक वेळ कळवत राहतो. फिल्टरमध्ये तो आकडा फक्त एका चलात ठेवा, तिथे काही रंगवू नका. रंगवायला ०.२ सेकंदाचा वेगळा टायमर लावा. डोळ्याला तेवढं पुरतं आणि टायपिंग अडत नाही.

उतरवून काढणाऱ्याला खरा उपयोग तीन आज्ञांचा. एक, पॉजवर सायकल. दोन, तीन सेकंद मागे: सीकला उणे ३ आणि रिलेटिव्ह. तीन, एबी-लूप-ए आणि एबी-लूप-बी या गुणांत वाक्याची सुरुवात आणि शेवट भरला की तेवढाच तुकडा फिरत राहतो. स्पीड ०.७५ ठेवा. सूर न बिघडता बोलणं सावकाश होतं. ‘कामून’ म्हणाले की ‘कुठून’, हे ठरवायला तुकडा चार वेळा ऐकावा लागतो. बोली जशी आहे तशी लिहायची असेल तर हे फेरे चुकवू नका. आजी ‘कामून’ म्हणाल्या असतील तर कागदावर ‘का’ होता कामा नये.

या आज्ञा एफ-५ ते एफ-८ वर बांधा. कारण साधं आहे: मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोलसोबत दाबलेली कळ ईमॅक्सकडे देवनागरी अक्षर होऊन पोहोचते आणि ‘कंट्रोल-क ला काही बांधलेलं नाही’ असा संदेश येतो. एफ कळांना कुठलीही भाषा लागत नाही. एफ-८ ला ‘आत्ताची वेळ ओळीच्या सुरुवातीला लिही’ हे काम द्या. ही वेळ साध्या मजकुरात लिहा, टेक्स्ट प्रॉपर्टीत (अक्षरांना चिकटवलेल्या अदृश्य माहितीत) नाही. प्रॉपर्टी फाइलबरोबर साठत नाहीत, बफर बंद केलं की गेल्या. पुढे उपशीर्षकं करायची असतील तर लक्षात ठेवा: एसआरटीमध्ये मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम असतो, वेबव्हीटीटीमध्ये टिंब. असं काम तयार हवं असेल तर सबेड हे पॅकेज पाहा. उपशीर्षकं, एमपीव्ही आणि आलेख यांची जोडणी त्यात आधीच आहे.

आता आलेख. एफएफएमपेगचं शोवेव्हजपिक हे फिल्टर आवाजाचं चित्र काढून देतं. तासाभराचा आलेख एका चित्रात काढू नका. १२०० पिक्सेलमध्ये ३६०० सेकंद कोंबले तर एका पिक्सेलला ३ सेकंद पडतात आणि त्यात शब्द दिसत नाही, श्वासही नाही. ३० सेकंदांचे तुकडे करा, प्रत्येक १२०० बाय ८०. म्हणजे सेकंदाला ४० पिक्सेल. यात बोलणाऱ्याचं थांबणं स्पष्ट दिसतं, आणि भूकंपाच्या रात्रीबद्दल बोलताना माणसं पुष्कळदा थांबतात. ती विरामांची लांबी नोंदवायची असेल तर आलेखावरून मोजता येते. उलट सगळं एकाच लांबलचक पट्टीत काढलंत तर मॅक्स-इमेज-साइज आडवं येतं. ते मुळात १०.० असतं, म्हणजे फ्रेमच्या दहापट. त्याहून मोठं चित्र ईमॅक्स नाकारतो आणि जागी रिकामा चौकोन दिसतो.

चालू वेळेची उभी रेघ आलेखावरच काढायचा मोह होतो. त्यासाठी आलेख एसव्हीजीमध्ये गुंफून दर वेळी पूर्ण चित्र नव्याने वाचावं लागतं, सेकंदाला पाच वेळा. त्यापेक्षा आलेख पीएनजी म्हणून जागेवर राहू द्या आणि त्याच्या खाली १२०० बाय ६ ची बारीक एसव्हीजी पट्टी ठेवा, तिच्यात फक्त एक लाल चौकोन. बदलते ती पट्टीच. इमेज-फ्लश तिच्यावरच चालवा.

आलेखावर क्लिक करून तिथून ऐकायचं असेल तर पोजन-ऑब्जेक्ट-एक्स-वाय चित्रातली जागा पिक्सेलमध्ये देतं. पहिला आकडा ४० ने भागला की तुकड्याच्या सुरुवातीपासूनचे सेकंद मिळतात. इथे एक लपलेला खड्डा आहे. इमेज-स्केलिंग-फॅक्टर मुळात ऑटो असतो. फ्रेमच्या अक्षराची रुंदी १० पिक्सेलच्या वर गेली की ईमॅक्स चित्रंही त्याच प्रमाणात फुगवतो. मात्रा-वेलांट्या नीट दिसाव्यात म्हणून मराठी लिहिणारे फॉन्ट मोठाच ठेवतात, त्यामुळे तुमच्याकडे हे घडणारच. क्लिक एका जागी आणि आवाज दुसरीकडचा, असं झालं की हेच समजा. चित्र बनवताना स्केल १ द्या.

लहान चित्रांसाठी प्रत्येक नोंदलेल्या वेळेला एक चौकट काढा: एसएस (सुरुवातीची वेळ) हा पर्याय आयच्या (फाइलच्या नावाच्या पर्यायाच्या) आधी, फ्रेम एक, रुंदी १६०. एसएस नंतर लिहिला तर एफएफएमपेग फाइल सुरुवातीपासून उलगडत येतो आणि तासाभराच्या मुलाखतीत शेवटच्या चित्राला फार वेळ लागतो. ३६० चित्रं हवी असतील तर ३६० प्रोसेस एकदम सोडू नका. एक संपली की सेंटिनेलमधून (प्रोसेस संपल्यावर आपोआप चालणारं फंक्शन) पुढची. स्मृतीची चिंता इथे नाही: १६० बाय ९० चं चित्र ५७,६०० बाइट, आणि ईमॅक्स पडद्यावर येणारीच चित्रं उलगडतो.

चित्रं मजकुरात घालू नका, ओव्हरलेच्या (मजकूर न बदलता त्यावर चढवलेला थर) बिफोर-स्ट्रिंगमध्ये लावा. फाइल शुद्ध मजकूर राहते, ईमेलने कुणालाही पाठवता येते. चित्राला असेंट सेंटर द्या, नाहीतर ते ओळीच्या वर-खाली लोंबतं. लगतच्या दोन अक्षरांना डिस्प्ले या गुणाची तीच एक किंमत दिली तर दोन चित्रांऐवजी एकच दिसतं. प्रत्येकासाठी वर्णन नव्याने बनवा. उंच चित्रावरून स्क्रोल करताना उड्या पडत असतील तर पिक्सेल-स्क्रोल-प्रिसिजन-मोड चालू करा. तो २९.१ पासून आहे.

लाइट जाणं धरूनच चला. ऑटो-सेव्ह-व्हिजिटेड-मोड चालू ठेवा, म्हणजे मजकूर थेट मूळ फाइलमध्ये साठतो. पुन्हा उघडताना शेवटची एफ-८ ची वेळ मजकुरातून वाचून व्हिडिओ तिथेच न्या. एमपीव्हीच्या स्मरणावर विसंबू नका, तो नीट बंद झाला असेल तरच त्याला जागा आठवते. जुनी सॉकेट फाइल मागे उरली असेल तर सुरुवातीलाच पुसा, नाहीतर ईमॅक्स मेलेल्या सॉकेटला जोडायला जातो आणि जोडणी नाकारली जाते. बफर बंद होताना किल-बफर-हुकमधून एमपीव्हीला क्विट पाठवा, मग चाइल्ड फ्रेम मोडा, टायमर रद्द करा. क्रम हाच ठेवा. फ्रेम आधी मोडली तर एमपीव्हीची खिडकी त्याच्या पायाखालून जाते आणि टायमर बंद झालेल्या बफरवर दर ०.२ सेकंदाला चूक दाखवत राहतो.